गुळगुळीत रस्त्याची हौस

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. परवा भाच्याचा अमेरिकेतून फोन आला, "मामा, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद केलेला नाही. एक विषय डोक्यात घोळत होता, पण लिहायला हात धजावत नव्हता. एरवी रस्त्यांवर लिहायचं म्हणजे सोपं काम. कंत्राटदाराला चार शब्द, पुढाऱ्याला चार शब्द, की लेख तयार! पण या लेखात चूक माझी स्वतःची आहे. चाळीस वर्षं पोरांना "चूक कबूल करावी" असं फळ्यावर सुविचार म्हणून लिहून दिलं, तेव्हा आता मागे हटून चालणार नाही.

गोष्ट २०१८ च्या जानेवारीतली. आमच्या गल्लीचं काँक्रीटीकरण झालं. विटं गावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमचा खानापूर तालुका म्हणजे पर्जन्यछायेचा. चिखलाचं दुःख आम्हाला कमी, फुफाट्याचं जास्त. त्यामुळे रस्ता सिमेंटचा होणार म्हटल्यावर सगळी गल्ली आनंदात होती. निवृत्त माणूस म्हणून देखरेखीचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी अगदी फूटपट्टी घेऊन उभा होतो. जाडी सहा इंच भरते का, खडी किती, वाळू किती, हे सगळं पाहत होतो. पुढचे तीन आठवडे पाणी मारायलाही मीच लोकांना हाका मारायचो.

ओतकाम झालं, फळीने सपाटी झाली, आणि गवंडी मला म्हणाला, "गुरुजी, वरनं खराटा मारू का? जरा खरबरीत ऱ्हातंय."

मी म्हणालो, "छे, छे! खराटा कशाला? चांगलं घोटून दे. आरशासारखं झालं पाहिजे."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वर कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि घोटून दिलं. झाला आरसा! संध्याकाळी सगळी गल्ली बघायला बाहेर आली. बायका म्हणाल्या, रांगोळी छान उठेल. झाडायला सोपं, धुवायला सोपं. पोरांना तर विचारूच नका. मला शाबासकी मिळाली आणि मी ती घेतली.

त्या हौसेचं मूळ काय असावं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आमची पिढी मुरमाच्या रस्त्यावरून अनवाणी शाळेत गेलेली. घरात शेणाने सारवलेली जमीन. खरबरीत म्हणजे गरिबी आणि गुळगुळीत म्हणजे सुधारणा, असं समीकरण मनात कधी बसलं ते कळलंसुद्धा नाही. पुढे आमच्या भागातले गलाई बांधव देशभर सोन्याचांदीच्या गलाईसाठी गेले, कष्टाने मोठे झाले, आणि गावाकडे त्यांनी जी घरं बांधली त्यांत चकचकीत फरशी आली, ग्रॅनाइट आलं. घरातली फरशी जशी चकचकीत, तसाच दारातला रस्ता असावा असं वाटायला लागलं. पण घरातली जमीन आणि रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

२०१९ ला परतीचा पाऊस लांबला, आठवत असेल तुम्हाला. दसरा होऊन गेला, दिवाळी आठवड्यावर आली, तरी रोज भुरभुर चालूच. आमच्या शेजारच्या आक्का सकाळी दूध घ्यायला म्हणून पायरी उतरल्या. वय तेव्हा बहात्तर. दुसऱ्याच पावलाला पाय सटकला आणि आक्का कुशीवर पडल्या. मी गॅलरीतून आवाज ऐकला. आवाज पातेल्याचा होता, आक्का ओरडल्यासुद्धा नाहीत. खाली धावलो तर मीही सपाता घालून, माझाही पाय सरकला, पण दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचलो. आक्कांचा खुबा मोडला होता. मिरजेला नेऊन ऑपरेशन झालं. त्या उठल्या, पण तेव्हापासून वॉकर सुटला नाही.

भेटायला गेलो तर आक्का हसत हसत म्हणतात कशा, "गुरुजी, तुमीच म्हनला हुता न्हवं, आरशागत कर म्हणून? बगा, तोंड दिसलं मला त्यात!"

त्या चेष्टेने बोलल्या. माझ्या मात्र ते वर्मी बसलं ते अजून निघालेलं नाही.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. मी मराठी आणि भूगोल शिकवणारा माणूस, बी.ए. झालेला, सिमेंटमधलं मला काय कळणार? पण शिक्षकाचा एक फायदा असतो, प्रत्येक खात्यात एखादा तरी विद्यार्थी सापडतोच. रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर असलेला माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीला भेटायला आला, त्याला मी तीन तास सोडलं नाही. त्याने जे सांगितलं ते माझ्या भाषेत मांडतो.

रस्त्याची पकड दोन गोष्टींवर असते. एक म्हणजे पृष्ठभागाचा बारीक खरबरीतपणा, पॉलिश पेपरवर हात फिरवल्यावर लागतो तसा. तो येतो वाळूच्या कणांमुळे. पायी चालणारा, सायकलवाला, हळू जाणारी मोटारसायकल, यांना धरून ठेवतो तो हा. दुसरी म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा किंवा खाचा. पावसात टायरखालचं पाणी निघून जायला त्या वाट देतात. गाडी वेगात असेल आणि पाण्याला जायला जागाच नसेल, तर टायर रस्त्याला टेकतच नाही, पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो. मग ब्रेक दाबा नाहीतर देवाचा धावा करा, दोन्ही सारखंच.

आमच्या गल्लीत मी दोन्ही गोष्टींचा नायनाट केला होता. घोटल्यामुळे वाळूचे कण खाली दबले आणि वर नुसत्या सिमेंटची साय आली. ती ओली झाली की काच. शिवाय वर पाणी आलेलं असताना कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं की ती साय कच्चीच राहते, पुढे तिचे पोपडे निघतात आणि धूळ होते. म्हणजे आरसा तो आरसा, आणि तोही तकलादू. त्यात आमचा कोरडा मुलूख. महिनोन् महिने धूळ आणि गाड्यांचं तेल साठत जातं आणि पहिल्या पावसाच्या भुरभुरीत त्याचा राब तयार होतो. मोठ्या पावसात तो धुऊन तरी जातो. म्हणजे जिथे पाऊस कमी, तिथे रस्ता खरबरीत असण्याची गरज कमी नाही, उलट अधिकच.

खरं म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. गोठ्यात कोबा करताना कुठलाही शेतकरी गवंड्याला सांगतो, "रेघा मारून खरबरीत ठेव, जनावर घसरंल." म्हशीचा पाय मोडू नये एवढी अक्कल आपल्याला आहे. माणसांच्या रस्त्याच्या वेळी तीच अक्कल कुठे जाते कोण जाणे.

दुसरं उदाहरण पाट्याचं. आमच्या लहानपणी "टाकी लावायची का टाकीऽऽ" अशी आरोळी देत बायका दारावर यायच्या. वर्षभर वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटणच होत नसे, मिरची नुसती इकडून तिकडे सरकायची. मग ती बाई छिन्नी-हातोडी घेऊन अंगणात बसायची आणि टकटक करत पाट्याला परत दात आणायची. रस्त्याचंही अगदी तसंच आहे. टायर घासून घासून रस्ता पाट्यासारखा गुळगुळीत होतो. परदेशात त्यावर हिऱ्याच्या कणांच्या पात्यांचं यंत्र फिरवून वरचे काही मिलिमीटर तासतात, आणि रस्त्याला पुन्हा धार येते. ऐकून मला गंमत वाटली. म्हटलं, ही तर आपली टाकीवाली, फक्त यंत्रावर बसून आलेली!

विद्यार्थ्याने मला रस्त्याचा खरबरीतपणा मोजायचा एक प्रयोगही शिकवला. तो कुणालाही घरच्या घरी करता येईल. चाळलेली बारीक कोरडी वाळू मोजून घ्यायची. रस्त्यावर तिची ढीगली करून सपाट तळाच्या एखाद्या वस्तूने गोल गोल पसरत न्यायची. खाचाखळग्यांत वाळू भरत जाते. आणखी पसरेनाशी झाली की त्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. वर्तुळ जितकं मोठं, तितका रस्ता गुळगुळीत, कारण वाळू मुरायला जागाच नाही. वाळूच्या घनफळाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागलं की खोलीची सरासरी मिळते. इंजिनिअर लोक प्रमाणित वाळू आणि रबर लावलेली चकती वापरतात, तत्त्व मात्र हेच.

मी खोकल्याच्या औषधाच्या मापाने २५ मिलिलिटर वाळू घेतली आणि नातवाला कामाला लावलं. आक्कांच्या दारात वर्तुळ झालं ३६ सेंटिमीटरचं. हिशेब केला, खोली भरली पाव मिलिमीटर. पलीकडच्या गल्लीत, जिथे खराटा मारलेला होता, तिथे तेवढ्याच वाळूचं वर्तुळ २० सेंटिमीटरवर थांबलं. खोली पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त. म्हणजे दोन गल्ल्यांत फरक केवढा? अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! सहा इंच जाडी मी फूटपट्टीने मोजली आणि ज्या अर्ध्या मिलिमीटरने आक्कांचा पाय राहिला असता, तो घोटून टाकायला मीच सांगितलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग काय, सगळे रस्ते जितके खरबरीत तितके चांगले! तर तेही खरं नाही. त्याचा धडाही आक्कांनीच दिला.

ऑपरेशननंतर काही महिने आक्का थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या. त्याचं घर गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला. तिथला रस्ता सिमेंटचा, त्यावर आडव्या खाचा नीट ओळीने मारलेल्या. मी भेटायला गेलो तर आक्का म्हणाल्या, "गुरुजी, हितं रात्रभर कोन शिट्टी वाजिवतंय वो?" मला वाटलं औषधांचा परिणाम असेल. पण रात्री तिथेच मुक्काम पडला आणि ऐकलं. गाडी लांबून यायला लागली की एक बारीक, एकसुरी, कानात घुसणारा आवाज. गाडी गेली की थांबतो, दुसरी आली की परत.

आता विट्याच्या माणसाला आवाजाचं काय कौतुक? आम्ही यंत्रमागाच्या खडखडाटात झोपणारी माणसं. पण मागाचा आवाज वेगळा. त्यात सगळे सूर-बेसूर मिसळलेले असतात, कान त्याला पंख्याच्या आवाजासारखा सोडून देतो. हा आवाज एकाच सुराचा, म्हणून तो सोडता येत नाही.

आणि तो एकाच सुराचा का, याचं गणित सहावीच्या पोरालाही सुटेल. खाचा समजा बरोबर २० मिलिमीटरवर एक अशा आहेत. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजेच २०,००० मिलिमीटर. भागा. टायर सेकंदाला १,००० खाचांवरून जातो, म्हणजे सेकंदाला १,००० कंपनं. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपेक्षा जवळजवळ दोन सप्तकं वरचा सूर झाला हा! माणसाचा कान या पट्टीत चांगलाच तिखट असतो. म्हणजे आम्ही रस्ता केला नाही, एकाच सुराची बासरी केली आणि ती लोकांच्या उशाशी ठेवली.

हे तत्त्व वापरून लोकांनी गाणारे रस्तेसुद्धा केले आहेत. खाचांमधलं अंतर कमी-जास्त केलं की सूर बदलतो. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर गावी एका मोटार कंपनीच्या जाहिरातीसाठी असा रस्ता केला होता. गाडी गेली की प्रसिद्ध पाश्चात्त्य संगीतरचनेची धून वाजायची. कौतुक किती दिवस टिकलं? जवळ राहणाऱ्या लोकांनी तक्रारी केल्या आणि रस्ता बुजवावा लागला. पुढे तो वस्तीपासून दूर नेऊन परत केला. धून कितीही गोड असो, रात्री दोन वाजता ती कुणाला हवी असते?

वर ज्या भाच्याचा उल्लेख केला, तो ॲरिझोनात फिनिक्सला असतो. त्याला आक्कांच्या शिट्टीबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे याच्यावरून केवढं रामायण झालंय!" तिथले मोठे रस्ते काँक्रीटचे आणि त्यांवर आडव्या खाचा. आजूबाजूला वस्ती वाढली, आवाजाच्या तक्रारी वाढल्या. शेवटी २००३ पासून तिथल्या सरकारने सुमारे ११५ मैल काँक्रीटच्या रस्त्यांवर डांबराचा एक इंचाचा थर दिला, जुन्या टायरांचा चुरा मिसळलेला. आवाज उतरला, लोक खूश झाले. पण वर्षं गेली तसा तो थर झिजायला, उखडायला लागला. मग काही रस्त्यांवरचा तो थर काढून खालचं मूळ काँक्रीटच यंत्राने तासलं. तासताना रेषा आल्या त्या आडव्या नव्हे, गाडी जाते त्याच दिशेने, उभ्या. तोही रस्ता पुरेसा शांत निघाला आणि पकडही राहिली. आली का परत आमची टाकीवाली!

यातून मला जे समजलं ते असं. पकड आणि शांतता यांचं वैर आहे असं आपण धरून चालतो. म्हणजे सुरक्षित हवा तर आवाज सोसा, शांत हवा तर घसरा. पण तसं नाही. आवाज करतात त्या प्रामुख्याने खोल, आडव्या आणि एकसारख्या अंतरावरच्या खाचा. त्याच खाचा उभ्या मारल्या किंवा अंतर मुद्दाम विषम ठेवलं, तर तो एकच सूर तयार होत नाही. कॅलिफोर्नियात बऱ्याच वर्षांपासून उभ्या रेषांचीच पद्धत आहे. विमानतळाच्या धावपट्ट्यांना पाणी निचरण्यासाठी खाचा पाडण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये आणि पुढे अमेरिकेच्या 'नासा'त झाले, त्यालाही आता पन्नास-साठ वर्षं होऊन गेली. म्हणजे ही विद्या काही नवी नाही. प्रश्न कोण विचारतो एवढाच आहे.

आणि आपण तो विचारण्याची वेळ आता आली आहे, कारण महाराष्ट्र झपाट्याने सिमेंटचा होतो आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा काँक्रीटचा एवढा मोठा रस्ता म्हणजे नवल होतं. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये सुरू झाला, नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर. खेड्यापाड्यांतल्या गल्ल्यांची तर गणतीच नाही. डांबरी रस्ता दर काही वर्षांनी नव्याने होतो, चूक सुधारायची संधी मिळते. सिमेंटचा रस्ता वीस-तीस वर्षांसाठी असतो. म्हणजे त्या दिवशी त्याच्यावर जे उमटलं, ते एका पिढीच्या वाट्याला येणार.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. "सिमेंटच्या खरबरीत रस्त्याने टायर फुटतात, म्हणून रस्ता गुळगुळीतच हवा," असं वडापच्या जीपमध्ये मी कितीदा तरी ऐकलं आहे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने, ओझं जास्त असल्याने, किंवा टायर झिजून गोटा झालेला असताना तासन् तास वेगात पळवल्याने. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, मुडपतो आणि तापतो. २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासण्याची आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम परिवहन खात्याला घ्यावी लागली, ती उगीच नाही. टायरलाही दात हवेत आणि रस्त्यालाही हवेत.

मग आपल्यासारख्यांनी काय करावं? हमरस्त्याचं डिझाइन काही आपल्या हाती नाही. पण वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं, तर ग्रामसभेत किंवा वॉर्डात एवढं तरी विचारता येतं की खाचा आडव्या मारणार की उभ्या, सारख्या अंतरावर की विषम? उत्तर येईल न येईल, पण प्रश्न विचारणारं कुणीतरी आहे हे तरी कळेल.

गल्लीचं मात्र आपल्या हाती आहे. घोटायचं नाही. वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं नाही. ओतकामानंतर वर आलेल्या पाण्याची चकाकी ओसरली, की एकदाच, एका दमात, खराटा गल्लीला आडवा ओढायचा. लवकर ओढला तर रेषा मिटतात, उशीर झाला तर उमटतच नाहीत. कच्च्या मडक्यासारखी गोष्ट आहे, वेळ गेली की गेली. गल्लीत गाड्या हळू चालतात, तिथे खराट्याच्या बारीक आडव्या रेषांनी शिट्टी वाजत नाही. गटाराकडे उतार नीट ठेवायचा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि शेवाळ धरणार नाही. आणि जिथे आधीच आरसा झाला आहे, तिथे निदान दारापुढे आणि चढावर कटरने रेषा पाडून घ्यायच्या. आक्कांच्या दारात आम्ही वर्गणी काढून तशा पाडून घेतल्या आहेत.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवायची नाही. खरबरीत रस्ता झाडायला त्रास होतो. आमचं विटं स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तो पहाटे उठून झाडणाऱ्या बायका-माणसांच्या कमरेवर उभा आहे. रेषांमधली धूळ काढायला त्यांना झाडू दोनदा फिरवावा लागणार, हे मला मान्य आहे. रांगोळी नीट उठत नाही, ही आमच्या सौ.ची तक्रारही खरी आहे. आणि पोरं पडली की गुडघे जास्त सोलवटतात. पण सोलवटलेल्या गुडघ्याला हळद लावता येते. मोडलेल्या खुब्याला काय लावणार? आणि झाडणाऱ्या बाईचा पायही त्याच ओल्या आरशावर पहाटेच्या अंधारात पडत असतो, हे विसरून कसं चालेल? दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्या पळतात, हे बाहेरच्या वाचकांनी ऐकलं असेल. खांद्यावर पालखी घेऊन माणसं जीव तोडून धावतात. दसरा म्हणजे पाऊस नुकता सरलेला किंवा सरायचा असलेला. दरवर्षी ती शर्यत बघताना आता माझी नजर पालखीवर नसते, पावलांखालच्या रस्त्यावर असते.

असो. लिहायचं निमित्त म्हणजे पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीचा उरलेला तुकडा, देवळाकडे जाणारा, काँक्रीटचा होणार आहे. देखरेख पुन्हा माझ्याकडेच आली. मी परवा बाजारातून एक चांगला कडक खराटा आणून ठेवला. चाळलेली वाळू डब्यात भरून ठेवली आहे. पलीकडच्या आळीतली दोन-तीन मंडळी आत्ताच कुजबुजतात, "आपलाही पहिल्यासारखा गुळगुळीत करून घेऊ, ऐकू नका गुरुजींचं." त्यांच्याशी वाद घालायला मी आक्कांनाच पुढे करणार आहे.

तेच सांगायला काल त्यांच्याकडे गेलो होतो. देवळापर्यंत जायला त्यांना अजून कुणाचा तरी हात धरावा लागतो. म्हटलं, "आक्का, या वेळी मी स्वतः उभा राहून गवंड्याला सगळं नीट सांगणार बघा."

आक्का वॉकरवर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, तुमी नुसतं हुबं ऱ्हावा. सांगू नगा काय. त्यो गवंडी मागल्या येळंला बराबरच म्हनत हुता."